अंकफलकाची पाठ

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखाद्या विद्यार्थ्याने घरी तयार केलेले विजेचे घड्याळ मांडले, की त्याच्यासमोर गर्दी जमते. लाल अंक झळकत असतात, मिनिट पुरे होताच शेवटचा अंक बदलतो आणि पाहणारे वाहवा करतात. त्या घड्याळाची पाठ मात्र कोणी पाहत नाही. परीक्षकही पुष्कळदा समोरूनच पाहून गुण देतात. ही रीत बरी नव्हे.

या अंकांची रचना मोठ्या युक्तीची आहे. प्रत्येक अंक सात लहान प्रकाशरेषांचा बनलेला असतो. सातही रेषा उजळल्या म्हणजे 8 दिसतो. उजवीकडच्या दोन उभ्या रेषाच उजळल्या म्हणजे 1. प्रत्येक रेषेत एक एलईडी असतो. 5 व्होल्टचा पुरवठा त्याला थेट जोडला तर तो जळून जातो. म्हणून वाटेत सुमारे 330 ओहमचा रोधक घालावा लागतो. कित्येक उतावळे विद्यार्थी सात रेषांसाठी सात रोधक घालण्याऐवजी सामाईक तारेत एकच घालून मोकळे होतात. मग तेवढाच प्रवाह कधी दोन रेषांत वाटला जातो, कधी सातांत. परिणामी 1 लखलखतो आणि 8 आजाऱ्यासारखा फिकट दिसतो.

घड्याळात असे चार अंक असतात. प्रत्येक रेषेस वेगळी तार द्यावयाची तर अठ्ठावीस तारा होतील. म्हणून चारही अंकांतील एकाच जागेच्या रेषा एका तारेने जोडतात आणि प्रत्येक अंकास एक सामाईक तार ठेवतात. अकरा तारांत काम भागते. अंक एकामागून एक इतक्या वेगाने उजळतात, की डोळ्यांस ते चारही एकदमच पेटलेले भासतात.

आता एखाद्या ठिकाणी डाख नीट बसला नाही, असे समजा. अंकाची सामाईक तार सुटली तर तो अंक सबंध नाहीसा होतो आणि दोष तत्काळ ध्यानात येतो. परंतु मधल्या आडव्या रेषेची तार सुटली तर 8 चा 0 होतो. वरच्या रेषेची सुटली तर 7 चा 1 होतो. घड्याळ बंद पडत नाही. ते खोटे बोलू लागते. सात वाजले असता एक वाजल्याचे सांगणारे घड्याळ बंद घड्याळाहून वाईट.

अशा वेळी दुरुस्ती करावयाची ती पाठीमागूनच. म्हणून फलक पेटीत बसवताना तो पुन्हा काढता येईल असाच बसवला पाहिजे. पेटीला पाडावयाची खिडकी आखलेल्या मापाहून किंचित लहान कापावी आणि मग कानशीने घासत घासत मापास आणावी. मोठी झालेली खिडकी लहान करता येत नाही. पेटी पत्र्याची असेल तर डाखाची टोके पत्र्यास टेकू नयेत, म्हणून स्क्रूंवर प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे घालून फलक थोडा अलग ठेवावा. तारा झाकण उघडण्याइतक्या लांब असाव्यात, आणि निरनिराळ्या रंगांच्या असाव्यात. अकराही तारा काळ्याच वापरणारा मुलगा पुढे स्वतःच गोंधळतो.

प्रदर्शन उद्यावर आले असता फलक सरसाने चिकटवून टाकण्याचा मोह होतो. वेळ वाचतो, हे खरे. तारा हलू नयेत म्हणून त्यांवर एखादा थेंब टाकण्यासही हरकत नाही. पण सबंध फलकच चिकटवला, की ते घड्याळ करणाऱ्याच्याही हाती राहत नाही. ते केवळ दाखवण्याची वस्तू होते.

वाण्याच्या दुकानातील विजेचे वजनकाटे पाहण्यासारखे असतात. त्यांतील पुष्कळ काटे चालू करताच क्षणभर सर्व घरांत 8 दाखवतात. एखादी रेषा मेली असेल तर ती गिऱ्हाइकादेखत तेथेच उघडी पडते. घरच्या घड्याळासही आरंभी चार 8 दाखवावयास लावणे अवघड नाही. आणि परीक्षकांनी झाकण उघडावयास सांगितलेच, तर चार स्क्रू काढण्यास दोन मिनिटे पुरतात.