मुलूख अदलाबदलीत लबाडी नको

दादाच्या मोबाइलमध्ये राजाराजांचा एक खेळ आहे. त्यात फौज ठेवायची, किल्ले बांधायचे आणि मुलूख वाढवायचा. लढाई न करताही मुलूख मिळतो. शेजारच्या राजाला आपली गावे द्यायची आणि त्याची घ्यायची. तो शेजारचा राजा म्हणजे मोबाइलच.

दिवाळीच्या सुट्टीत मला त्यात एक चोरवाट सापडली. मोबाइलचा राजा फक्त गावे मोजतो. माळावरची चार ओसाड गावे देऊन मी नदीकाठची तीन घेतली. त्यात एक किल्लासुद्धा आला! असे करत एका दुपारी मी सगळा नकाशा जिंकला. पण दुसऱ्या दिवशी खेळायला मजाच येईना. काय होणार ते आधीच ठाऊक.

मग आम्ही अंगणात खडूने नकाशा काढून तोच खेळ मांडला. चुलतबहिणीला मी तसेच फसवले. ती रडत उठली.

आबा बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "आपलं विहिरीचं वावर कसं आलं ठावं हाय का? भावकीला चार एकर मुरमाड दिलं अन् दोन एकर काळं घेतलं. पण आधी दोघांनी दोन्ही वावरं चालून बघितली. त्यायला गुरांला चराई पाहिजे होती, मला पाणी. म्हणून ते आजबी आपल्या घरी चहाला येतेत."

गुरुजींनी आपल्या जिल्ह्यातल्या पाथरीची गोष्ट सांगितली. अहमदनगरच्या निजामशहाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते म्हणतात. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. निजामशाहीने पाथरी मागितली आणि बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहा नाही म्हणाला. शेवटी १५१८ साली निजामशहाने पाथरी लढून घेतली. मोबाइलचा राजा असता तर एक गाव जास्त घेऊन पाथरी देऊन मोकळा झाला असता!

शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना दिला. स्वतःकडे १२ किल्ले ठेवले. ते खुशीने दिले नव्हते. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान मोठी फौज घेऊन आले होते. पुढे १६७० साली महाराजांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. तेव्हा कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले. खऱ्या इतिहासात किल्ला देण्याघेण्याला अशी किंमत असते. माझ्या मोबाइलमध्ये काहीच किंमत नव्हती.

माझा एक मित्र म्हणतो, "वाट खेळातच हाय, मग लबाडी कामून?" त्याचे थोडे खरे आहे. चूक खेळ बनवणाऱ्याचीही आहे. पण चूक दिसल्यावर रोज तीच करून जिंकणे, ही आपली लबाडी झाली.

मला वाटते, खेळ बनवणाऱ्यांनी पाण्याला, किल्ल्याला आणि घाटवाटेला जास्त मोल द्यावे. बदलून घेतलेल्या गावाने पहिल्या वर्षी कर कमी द्यावा, कारण तिथल्या लोकांना नवा राजा लगेच कसा आवडेल? मात्र नियम फार कडकही नकोत. नाहीतर कोणीच कोणाला काही देणार नाही आणि नुसत्या लढाया होतील.

आम्ही अंगणात एक नियम केला आहे. अदलाबदलीच्या आधी दोघांनी दोन्ही मुलखांवर बोट ठेवायचे आणि तिथे काय आहे ते मोठ्याने सांगायचे. मागच्या रविवारी बहिणीने त्याच नियमाने माझा घाट घेतला आणि मी हरलो. वाईट वाटले. पण खेळ दिवे लागेपर्यंत चालला.

मित्रांनो, तुम्हीपण हा नियम करून बघा. आणि पालकांनो, तुम्ही वावराची अदलाबदल कशी केली, ते आम्हाला सांगा.

– एक विद्यार्थी, वर्ग ४ था