गुणगौरवाच्या यादीत मराठी कुठे आहे?

सीमाभागातील कॅथलिक हायस्कुलांचे वार्षिक अहवाल देखणे असतात. छपाई सुबक, छायाचित्रे रंगीत आणि प्रत्येक विभागाला आपापले पान. विज्ञान विभागाने प्रदर्शनात कोणती प्रतिकृती मांडली, गणिताच्या स्पर्धेत कोण चमकले, इंग्रजी वक्तृत्वाची ढाल कोणी आणली, मैदानावर कोणी विक्रम मोडला, हे सारे तपशीलवार आणि विद्यार्थ्यांच्या नावांनिशी छापलेले असते. या शाळांनी बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील अनेक पिढ्या घडविल्या, त्यांत मराठी घरांतील मुलेमुली मोठ्या संख्येने होती, हे कोणीही नाकारणार नाही. आम्हीही नाकारत नाही. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच एक प्रश्न विचारायचा आहे : या अहवालात मराठी विभागाचे पान कुठे आहे?

आमच्या पाहण्यात आलेल्या अनेक अहवालांत ते पान नसते. ‘इतर भाषा’ अशा मथळ्याखाली एखादी ओळ असते : 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन उत्साहात साजरा झाला. ती ओळही इंग्रजीत! मराठी निबंधात पहिली आलेली मुलगी कोण, तिने कशावर लिहिले, मराठी विषय किती विद्यार्थ्यांनी घेतला, शिकविणारे शिक्षक कायम आहेत की तात्पुरते, याचा मागमूस नसतो.

एका ओळीने असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की, या देशात भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क आकड्यांवर उभे आहेत. 1949 साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने प्राथमिक शिक्षणासाठी तत्त्व मान्य केले : शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुले विशिष्ट मातृभाषेची असतील, तर त्या भाषेतून शिकविण्यासाठी शिक्षक द्यावा. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-क आणि 350-ख आले. पहिल्याने प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयींची जबाबदारी राज्यांवर टाकली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. या तरतुदी माध्यमाविषयी आहेत आणि इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलाला त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण त्यांतून मिळणारा धडा सर्वांना लागू आहे. ज्यांची मोजदाद होत नाही, त्यांची मागणीही टिकत नाही. ज्या शाळेच्या अहवालात मराठी विद्यार्थ्यांची संख्या नाही, तिथे उद्या शिक्षक निवृत्त झाला की ‘मागणीच नाही’ असे सांगून ती जागा रिकामी ठेवता येते. त्या एका ओळीच्या मौनातून विषय बंद पडण्याची वाट सुरू होते.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहू. कॅथलिक शाळांना आपल्या पसंतीच्या संस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क देणारा अनुच्छेद 30 काय म्हणतो? ‘धर्म किंवा भाषा’ यांवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्याकांना तो हक्क आहे, असे तो म्हणतो. एकाच वाक्यात दोन शब्द शेजारी बसले आहेत. पहिल्या शब्दाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या शाळेने दुसऱ्या शब्दाच्या आश्रयाने जगणाऱ्या मुलांकडे काणाडोळा करावा, हे कायद्यात बसेलही, पण न्यायात बसत नाही.

ख्रिस्ती शाळेला मराठीचे काय, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी इतिहासाचे पान उलटावे. येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ, आणि त्याची भाषा मराठी! जन्माने इंग्रज असलेल्या त्या धर्मगुरूला आपल्या श्रद्धेचा सर्वांत मोठा ग्रंथ मराठीत लिहावासा वाटला. आपल्या काळातही वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, बायबल सुबोध मराठीत आणले आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. म्हणजे मराठी विभागाचे पान मागताना आम्ही या शाळांकडे काही परके मागत नाही, त्यांच्याच परंपरेतील वाटा मागत आहोत.

‘पालकांनाच इंग्रजी हवे आहे,’ हे ठरलेले उत्तर. हवे आहे, आणि त्यात गैर काही नाही. इंग्रजीचे पान फाडा असे कोण म्हणतो? ‘कन्नड सक्तीची आहे, मराठीला जागा कुठे?’ हे दुसरे उत्तर. 2015 च्या कर्नाटकाच्या कायद्याने कन्नड शिकविणे शाळांवर बंधनकारक झाले आहे. आमच्या मुलांनी कन्नडही चांगली शिकावी. पण राज्याच्या दहावीच्या परीक्षेत प्रथम भाषा म्हणून घेता येणाऱ्या भाषांत मराठीही आहे. जागा आहे, ती वापरण्याची इच्छा हवी.

इच्छा असली की शाळांची भाषा बदलते, याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांनाच मिळेल असे ठरल्यावर 1990 च्या सुमारास तेथील धर्मप्रांताच्या प्राथमिक शाळा इंग्रजीतून कोकणीकडे वळल्या, आणि 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची वाट मोकळी होताच पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. दोन्ही वेळा धर्म तोच होता. बदलले ते सरकारचे धोरण, आणि 2011 मध्ये त्यामागे पालकांचा रेटा होता. तो रेटा मराठी पालकांनी आजवर कधी दिला?

इथे बोट आपल्याकडेही वळते. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या माध्यम-धोरणाच्या खटल्यात निर्णय दिला की, मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे. हा अधिकार आपल्या हाती आहे. तरीही प्रवेशअर्जातील मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिताना आपलाच हात कचरतो. रकाना रिकामा सोडणाऱ्याने अहवालातील पान रिकामे का म्हणून विचारू नये.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. मराठी विभागाचा अहवाल मराठीत, देवनागरीत छापावा. मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांची इयत्तावार संख्या आणि निकाल त्यात द्यावा. शिक्षकांच्या मंजूर आणि रिक्त जागा नमूद कराव्यात. बक्षीसपात्र निबंध किंवा कविता केवळ उल्लेखावर न भागवता संपूर्ण छापावी. स्नेहसंमेलनात त्या मुलाला विज्ञानाच्या विजेत्याइतक्याच मानाने व्यासपीठावर बोलवावे. यासाठी आंदोलन लागत नाही की न्यायालय. पालकसभेत उठून, शांतपणे, लेखी निवेदन देणारे 10 पालक पुरेत.

वाचकहो, येत्या पालकसभेला जाताना मागील वर्षाचा अहवाल सोबत न्या. मराठीचे पान उघडून दाखवा असे मुख्याध्यापकांना विनयाने सांगा. पान निघाले तर त्यांचे जाहीर अभिनंदन करा. नाही निघाले, तर ते कधी छापणार याची तारीख लेखी घेऊनच घरी परता.