अंदमानात माणसेही राहतात

अंदमानाहून परतलेल्या मराठी माणसाचे प्रवासवर्णन आता आम्हाला पाठ झाले आहे. दिवाळी अंकातले असो वा रविवार पुरवणीतले, त्याचा क्रम ढळत नाही. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी हॅवलॉक (२०१८पासून स्वराज द्वीप), राधानगरचा किनारा आणि 'पाचूसारखे' पाणी. तिसऱ्या दिवशी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, तिथे छतावरून ठिबकणारे पाणी. शेवटी 'मन मात्र तिथेच राहिले'. तीन दिवसांत लेखकाला पाण्याचे तीन प्रकार दिसतात. माणूस एकही दिसत नाही.

पर्यटनाविषयी आमची तक्रार नाही. वर्ध्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाने समुद्र पाहून हरखून जावे, हे स्वाभाविकच आहे. तक्रार आहे ती लिहिण्याविषयी, आणि ते लिहिणे वर्गात 'प्रवासवर्णन' म्हणून खपवणाऱ्या आम्हा अध्यापकांविषयी.

बाराटांगचेच पाहा. तिकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. तिथला रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये दिला. वाहतूक चालूच राहिली. पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२मध्ये जगाने पाहिली. आमच्या लेखकांसाठी मात्र ते अरण्य 'गूढ' आणि जारवा 'अश्मयुगातले'. एकदा 'अश्मयुगातले' म्हटले, की ती माणसे आपल्या काळातली उरत नाहीत, आणि खिडकीतून त्यांच्याकडे टक लावून पाहण्याचा संकोचही उरत नाही. विशेषणे अशी कामे करतात.

'माझी जन्मठेप' (१९२७) हे कोठडीत डांबलेल्या माणसाचे पुस्तक आहे. त्याला बेट हिंडण्याची मोकळीक नव्हती. आपल्याला ती आहे, तरी आपले लेखन कोठडीबाहेर येत नाही. इंग्रजांनी १८५८मध्ये तिथे कैद्यांची वसाहत वसवली. पुढच्याच वर्षी, मे १८५९मध्ये, ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाणांनिशी ॲबर्डीन येथे तिच्यावर चाल केली आणि ते हरले. सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले ते त्यानंतर ३७ वर्षांनी. स्वातंत्र्याचे तीर्थक्षेत्र म्हणून आपण जिथे माथा टेकतो, तिथला हा लढा आपल्या यात्रेत बसत नाही.

त्याच ग्रेट अंदमानींपैकी बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी वारल्या. अका-बो भाषेच्या त्या शेवटच्या भाषक. अन्विता अब्बी या भाषाशास्त्रज्ञ त्यांच्याकडून शब्द टिपत होत्या. बोआंना त्या भाषेत उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आम्ही भाषणे केली. भाषा मरते म्हणजे काय होते, हे ज्या भूमीवर कळले असते, तिथून आमची मंडळी शंखशिंपले घेऊन आली.

यावर ठरलेला आक्षेप असा, की प्रवासवर्णन हे ललित लेखन आहे, त्यात समाजशास्त्र कशाला? गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडले होते, समाजशास्त्र करायला नव्हे. तरी बंडात सापडलेल्या माणसांची भीती आणि दैना त्यांनी नोंदवली, म्हणूनच 'माझा प्रवास' आजही वाचला जातो. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: जारवांना भेटायलाच मनाई आहे. ती असलीच पाहिजे. पण फाळणीनंतर वसवलेले बंगाली निर्वासित, रांचीकडून आणलेले आदिवासी मजूर, जन्मठेपेच्या कैद्यांचे वंशज, यांच्याशी चार शब्द बोलायला कोणाची मनाई आहे?

सेवाग्रामला येणारे प्रवासी बापूकुटीसमोर छायाचित्र काढतात आणि निघून जातात. कुंपणापलीकडच्या शेतात यंदा कापूस किती आला, भाव काय मिळाला, हे त्यांतल्या फारच थोड्यांना विचारावेसे वाटते. अशा कोणी वर्ध्यावर लेख लिहिला आणि त्यात कापूस पिकवणारा शेतकरी नसला, तर आम्हाला राग येतो. तो राग खरा असेल, तर अंदमानलाही तोच न्याय लावायला हवा.

म्हणून पुढच्या सत्रात प्रवासवर्णन शिकवताना सौंदर्यस्थळांची यादी आम्ही फळ्यावर लिहिणार नाही. एकच प्रश्न लिहू: या लेखात तिथल्या माणसाच्या तोंडचे एक तरी वाक्य आहे का?