पुडी शतावरीची, ढेप कोणाची?

काटोल असो की नरखेड, दुकानांत बियाण्यांच्या शेजारी गाभण व दुभत्या जनावरांसाठी झाडपाल्याचे चूर्ण दिसते. पुडीवर गाईचे चित्र, आत शतावरी, जीवंती, मेथी, शेपा. विण्याआधी महिनाभर चालू करा आणि मग धार बघा, असे सांगतात. आम्ही शतावरीच्या विरोधात नाही. बाळंतिणीला ती आपल्या आज्यांनीच दिली. पण हिशेब विचारल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, एवढे तरी कापसाने आपल्याला शिकवले आहे.

अशा खाद्याचा मोठा व्यापार उभा राहिला तो युरोपात, आणि तोही डुकरांच्या पायी. तिथे डुकरांची वाढ व्हावी म्हणून रोजच्या खाद्यातून प्रतिजैविके देत. स्वीडनने ती 1986 साली बंद केली. 1 जानेवारी 2006 पासून साऱ्या युरोपीय संघात बंदी आली. मग लसूण, दालचिनी, ओरेगॅनो यांचे अर्क गाभण डुकरिणीच्या दाण्यात गेले. डुकरीण 114 दिवसांत विते आणि तिचे पोट माणसासारखे एकच. गाईचे तसे नाही. तिने खाल्लेले आधी रवंथाच्या पोटात आंबते, तिथले जंतू त्याची मोडतोड करतात. म्हणून तिकडच्या डुकरिणीचा दाखला आपल्या गवळाऊला लागू पडत नाही. आपल्या देशात शतावरीचे प्रयोग गाई-म्हशींवर झाले. काहींत दूध वाढले, काहींत फरक दिसला नाही.

आता आपल्या गोठ्यात बघू. गाभण गाय कोरड्या कडब्यावर आणि कुटारावर उभी आहे. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम 3-4 टक्के. वासराची खरी वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांतली, म्हणजे त्याच काळात गाईला रोज किलो-दीड किलो खुराक जास्त लागतो, शिवाय 50 ग्रॅम खनिज मिश्रण. ते नसेल तर शतावरी दूध आणणार कुठून? चूल पेटलीच नाही आणि आपण फोडणीचा विचार करतो आहोत.

आणि हा खुराक कोणाचा? एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते आणि 60 किलोंच्या वर सरकी. भावाची चर्चा होते रुईची, सरकी त्याच गाडीत बसून जाते. तिचे तेल तिकडे राहते आणि ढेप पोत्यात भरून आपल्याच दारात विकायला येते, तीही कधी भेसळीची. कापूस उत्पादकाची गाय ढेपेवाचून राहावी, याहून उलटा व्यापार कोणता?

झाडपाला म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन किराळ लागलेले जनावर ज्याने पाहिले त्याला हे सांगायला नको. सरकीतले गॉसिपॉल हे विष डुकराला सोसत नाही; मोठी गाय ते पचवते, रवंथ न करणारे लहान वासरू नाही. बुरशी लागलेली ढेप तर गाभणीपुढे टाकूच नये. तिचे विष दुधातही उतरते. मेथी जास्त झाली की दुधाला वास येतो, ही त्यामानाने किरकोळ गोष्ट.

ज्यांना पुडी द्यायचीच आहे त्यांनी आधी दहा दिवस दूध मापून लिहावे, मग पुडी देऊन दहा दिवस, मग बंद करून दहा दिवस. मात्र नुकत्याच व्यालेल्या गाईवर हे करू नका. तिचे दूध तसेही चढतेच, आणि श्रेय पुडीला जाते. गोठ्याचे काम बहुतेक घरी मायबहिणींकडे आहे, तेव्हा वहीही त्यांच्याच हाती असू द्या. वाढलेल्या दुधाचे पैसे पुडीच्या किमतीहून कमी असतील तर तो पैसा ढेपेत घाला.

नागपूरला 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 2000 पासून माफसू विद्यापीठ आहे. कडबा आणि ढेप खाणाऱ्या गवळाऊवर ही चूर्णे तपासून निकाल मराठीत गावोगाव लावावेत, ही आमची मागणी आहे. येत्या जिल्हा बैठकीला येताना घरात असेल ती रिकामी पुडी सोबत आणा. कोणत्या पुडीवर कशाचे किती प्रमाण छापले आहे आणि कोणत्या पुडीवर नुसतेच गाईचे चित्र आहे, ते सगळ्यांसमोर वाचू आणि मागणीपत्राला जोडू.