खोडकिडा तारीख बघत नाही



सध्या जो तो एकच विचारतोय, "खोडकिड्याचं औषध कधी टाकायचं?" उत्तरही ठरलेलं, लावणीनंतर अमुक दिवसांनी. माझं स्पष्ट मत आहे, हे तारखेवर चालणं आता बंद करा.

किडीच्या अंगात स्वतःची ऊब नसते, हवेच्या उबेवरच तिची वाढ चालते. पिवळ्या खोडकिड्याची अंडी 5 ते 8 दिवसांत फुटतात. उबदार हवेत लवकर, गार हवेत उशिरा. पूर्ण पिढीला साधारण दीड महिना. प्रत्येक टप्प्यात थोडे थोडे दिवस वाचले, तर गरव्या भातात कापणीआधी एक जादा पिढी बसू शकते.

पण नुसत्या गरमीने कीड वाढते असंही नाही. पारा 35 वर टिकला तर अळी अंड्यातच मरते. हवा कोरडी असेल तरी अंडी कमी फुटतात. तिला मानवतं ते 24 ते 29 अंश आणि भरपूर दमटपणा. पाऊस लांबला की आपल्या वसई पट्ट्यात दसऱ्यानंतरही तिला हेच मिळतं. 2019 ला दिवाळीत पाऊस होता, कापलेला भात शेतात भिजला, आठवतंय ना?

आता मादीचं बघा. पिवळसर पंख, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. जेमतेम आठवडाभर जगते. तेवढ्यात पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचे पुंजके घालते आणि वर स्वतःच्या पोटाचे केस पांघरते. अळी बाहेर आली की धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर शेजारच्या चुडावर जाते न् खोडात शिरते. एकदा आत गेली की वरचा फवारा तिच्यापर्यंत पोचणं कठीण. फुटव्यात गाभेमर झाली तर नवा फुटवा येतो, पण पळींज झाली की ती लोंबी गेलीच. म्हणजे आपल्या हातात खरे दिवस अंड्यांचेच. ट्रायकोकार्डही तेव्हाच लावायचं, कारण तो मित्रकीटक अंड्यातच अंडी घालतो.

कोणी म्हणेल, माणसं मिळत नाहीत, मोजत कोण बसणार? अहो, आठवड्यातून एकदा बांधावरून उतरून दहा ठिकाणी बघायचं. चौरस मीटरला एक पुंजका किंवा 5 टक्के गाभेमर दिसली तर उपाय करा. नाहीतर बाटली दुकानातच राहू द्या. उगाच मारलेल्या फवाऱ्याने कोळी मरतात, ते आपले फुकटचे राखणदार. ओट्यावरच्या दिव्याला पिवळे पतंग वाढले तर शेतात फेरी मारा.

दुसरं, धसकटं. वाल टाकतो म्हणून भातानंतर आपण नांगरत नाही. अळी धसकटाच्या बुडाशी पुढच्या पावसापर्यंत झोपून राहते. म्हणून कापणी अगदी जमिनीलगत करा. पेंढाही जास्त निघतो, तबेलेवाले घेतात. वाल निघाला की नांगरट करा. एकट्याने करून भागणार नाही, पतंगाला बांध कळत नाही.

आणि एक मागणी. कृषी विभागाच्या क्रॉपसॅपमध्ये भाताच्या किडींची नोंद होते. ती दर आठवड्याला गावच्या फलकावर लागली पाहिजे. वर गेलेला आकडा खाली शेतकऱ्याला वेळेत कळला नाही, तर त्याचा उपयोग काय?

तुमच्या शिवारात यंदा पुंजके कधीपासून दिसले? गाव आणि भाताचं वाण घालून लिहा. चार गावचं एकत्र आलं की आपलंच पंचांग तयार होईल.