पहिल्या रायफलीकडून काय हवं?

पॉइंट टू-टूची रायफल म्हटली की आपल्याकडे दोन टोकांच्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक एनसीसीच्या कॅम्पातली, कित्येक पिढ्यांच्या खांद्याला लागलेली लाकडी रायफल. दुसरी ऑलिंपिकमधली, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, काही लाख रुपयांची जर्मन किंवा स्विस. या दोन्हींच्या मधली, साध्या घरातल्या मुलाच्या क्लबला परवडेल अशी देशी बोल्ट ॲक्शन रायफल गेल्या आठवड्यात एका क्लबच्या रेंजवर हाताळायला मिळाली. एकाच नगावरून कारखान्याला नावं ठेवणं बरं नव्हे, म्हणून बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पण या रायफलीबद्दल लिहायलाच हवं, कारण कल्याणजवळच्या मोहने-आंबिवली, शहाड, टिटवाळा या पट्ट्यातल्या मुलांच्या हाती उद्या काय येणार, याचं उत्तर तिच्यात आहे.

पहिली नजर लाकडावर गेली. दस्त्यावर पॉलिश असं नाहीच, नुसतं तेल चोळलेलं. नळी जिथे लाकडात बसते तिथली फट एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी. बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली की घर्षण हाताला जाणवतं. पुढे ढकलताना शेवटच्या बोटभर अंतरात जोर लावावा लागतो. चाप लांब आणि खरखरीत आहे. मॅच रायफलीचा चाप बोट टेकताच सुटतो, इथे आधी बरंच दाबत जावं लागतं आणि तो नेमका कुठे सुटेल याचा अंदाज यायला वेळ लागतो. मागची साइट साधी, खाचेची. वाऱ्यासाठी डावी-उजवीकडे क्लिक मोजत सरकवायची सोय नाही. नळीच्या टोकावरची माशी हलवून झिरो करायचं, म्हणजे नेम आणि गोळी जुळवायची, आणि तिथेच थांबायचं.

एवढे दोष वाचून कुणी पुढच्या पानाकडे वळू नये, कारण नळी चांगली आहे. आडवं होऊन, पुढे वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन 50 मीटरवर पाच गोळ्या मारल्या, तेव्हा पाचही भोकं चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या वर्तुळात होती. दुसऱ्या जातीचं काडतूस भरल्यावर वर्तुळ पसरलं, पहिल्याकडे परत येताच पुन्हा आवळलं. म्हणजे नळीतल्या खाचा एकसारख्या कोरल्या गेल्या आहेत आणि तिला एक विशिष्ट काडतूस मानवतं. ऑलिंपिकच्या 50 मीटर लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं. या रायफलीने ते सतत भेदता येणार नाही, आणि नवख्या मुलाला ते भेदायचंही नसतं. त्याला आधी श्वास सोडून थांबायला शिकायचं असतं. चाप झटका न देता दाबायला आणि गोळी सुटल्यावरही डोळा माशीवरून न काढायला शिकायचं असतं. यासाठी लागणारी अचूकता या रायफलीत आहे.

बोल्ट ॲक्शनचा खरा गुण तिच्या संथपणात आहे. मूठ उचला, मागे ओढा, रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकला, खाली दाबा, तेव्हा कुठे पुढची गोळी तयार होते. प्रत्येक गोळीसाठी मुलाला थांबावं लागतं, पकड पुन्हा घ्यावी लागते. बोल्ट मागे ओढून ठेवला की चेंबर रिकामा आहे हे रेंज ऑफिसरला लांबूनही दिसतं. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर असतं, पेटवणारं मिश्रण पुंगळीच्या कडेत असतं, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. एकदा उडवलं की संपलं. आणि ही गोळी लहान आहे म्हणून कुणी तिला खेळणं समजू नये. मोकळ्या रानात ती दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. मागे मातीचा भरभक्कम बांध असल्याशिवाय तिचा सराव करताच येत नाही.

महाराष्ट्राच्या नेमबाजीची मुळं अशाच साध्या रायफलींत आहेत. अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत होत्या, तिथून त्या या खेळात आल्या आणि वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडल्या. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी 10 मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली, 2002 मध्ये म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्सचा मान मिळवला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये त्याच म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनच्या, म्हणजे आडवं होऊन मारायच्या प्रकारातल्या, जगज्जेत्या झाल्या. आणि 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. 590 गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत शिरलेला हा मुलगा 451.4 गुणांवर तिसरा आला. खाशाबा जाधवांच्या 1952 मधल्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

स्वप्नीलच्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पदकाच्या आधीचा आहे. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला रेंज दिली, प्रशिक्षक दिला, राहायची जागा दिली. मध्य रेल्वेने तिकीट तपासनीसाची नोकरी दिली. तरीही सुरुवातीच्या काळात सरावाच्या गोळ्यांसाठी वडिलांना कर्ज काढावं लागलं. त्या काळी एक गोळी 120 रुपयांना पडत होती, असं पदकानंतरच्या बातम्यांत आलं. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, आडवं आणि उभं अशा तिन्ही अवस्थांत प्रत्येकी 20, म्हणजे 60 गोळ्या माराव्या लागतात. 120 रुपयांनी हिशेब केला तर फक्त एका सामन्याचे 7200 रुपये होतात. सुरुवातीच्या झिरोइंगच्या गोळ्या वेगळ्या, रोजच्या सरावाच्या वेगळ्या. रायफल एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते, गोळ्यांचा खर्च मात्र दर आठवड्याला असतो.

म्हणूनच पहिली रायफल साधी असावी असं मी आग्रहाने सांगतो. क्लबने एका परदेशी मॅच रायफलीवर सगळी पुंजी ओतली, तर तिच्यात भरायला काडतुसं उरणार नाहीत आणि एका मुलाच्या पाठी दहा जण रांगेत बसतील. त्याच पैशात देशी रायफली जास्त येतील, उरलेल्यात गोळ्या येतील. चापाची खरखर चांगला आर्मरर बरीच कमी करू शकतो. दस्ता घासून मुलाच्या गालाच्या उंचीला बसवता येतो. मागे बारीक गोल छिद्राची साइट लावता आली तर ती वापरावी. नळी खराब असती तर मात्र यातलं काहीच उपयोगी पडलं नसतं, आणि ती इथे चांगली आहे.

परवान्याचा भागही स्पष्ट सांगायला हवा, कारण पालक सर्वांत आधी तोच विचारतात. पॉइंट टू-टूची रायफल 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येते. कल्याण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्यामुळे तिथला परवाना आयुक्तालयातून मिळतो. 21 वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या नावावर साधा परवाना मिळत नाही. प्रशिक्षणासाठी देखरेखीखाली, क्लबच्या शस्त्रावर तो सराव करू शकतो. म्हणजे मोहन्यातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी घरची रायफल हा प्रश्नच येत नाही. तिला क्लब हवा आणि रेंज हवी.

आणि रेंजचाच तर खरा तुटवडा आहे. 50 मीटरवर गोळी मारायची तर आंबिवलीहून लोकल पकडून दादरला उतरून वरळी गाठायची, नाहीतर थेट पुण्याला बालेवाडी. शाळा सांभाळून आठवड्यातून तीनदा हा प्रवास कोणती मुलगी करील, आणि कोणती आई तिला करू देईल? कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या आसपास होती. 2009 मध्ये एनआरसीचा (नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा) कारखाना बंद पडल्यापासून मोहन्याच्या कामगार वसाहतीतल्या घरांनी रोजगार गमावले, मुलं वाढली, त्यांच्यासाठी मैदानं वाढली नाहीत. इथल्या मुलांच्या हातात कौशल्य नाही असं कुणी म्हणू नये. यंत्रावर, लेथवर काम करणाऱ्यांची ही वस्ती आहे. शेजारी अंबरनाथला सरकारी शस्त्रास्त्र कारखाना आहे. बारीक मापाची, स्थिर हाताची किंमत या भागाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

रेंज बांधणं फार मोठं बांधकाम नाही. लांबट जागा, मागे उंच मातीचा बांध, वरून गोळी बाहेर जाऊ नये म्हणून आडव्या भिंती, शस्त्रं ठेवायला कुलूपबंद खोली आणि प्रशिक्षित रेंज ऑफिसर. यातली जागा सोडली तर बाकीचं जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या आणि महापालिकेच्या आवाक्यातलं आहे. सुरुवात 10 मीटर एअर रायफलपासून करावी, तिथे खर्च कमी. पण ज्या मुलांना पुढे जायचं त्यांच्यासाठी 50 मीटरच्या लेन पहिल्याच आराखड्यात आखून ठेवाव्यात. नंतर जागा सापडत नाही.

महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी आपल्या नगरसेवकाकडे ही मागणी लेखी द्यावी. कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्यांनी, जुन्या कॅडेटनी आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी त्यावर सह्या कराव्यात. चार लेन आणि अशा सहा साध्या रायफली, एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं.