घरपट्टीची नोटीस उशाखाली ठेवू नका

गेल्या पावसाळ्यात एक विधवा भगिनी हातात घडी घातलेला कागद घेऊन आमच्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. "गुरुजी, एवढं वाचून द्या," म्हणाली. कागद एका नगरपालिकेच्या घरपट्टीवाढीचा होता. तिच्या पत्र्याच्या दोन खोल्या त्यात पक्क्या स्लॅबच्या म्हणून लिहिल्या होत्या. चूक ढळढळीत होती. परंतु हरकतीची तारीख उलटून वीस दिवस झाले होते. इतके दिवस कागद कोठे होता, असे विचारता उत्तर आले, "उशाखाली."

उदगीरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. कागदात काय आहे हे बहुतेक रयतेस कळणे दुरापास्तच होते. आज नोटीस मराठीत येते. तरीही ती उशाखाली जात असेल, तर दोष केवळ सरकारचा नव्हे, आमचाही आहे.

नगरपरिषदांच्या घरपट्टीस १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम लागू आहे. (खेड्यांतील ग्रामपंचायतीची रीत निराळी आहे.) घर वर्षाला किती भाड्याने जाण्याजोगे आहे हे ठरवून त्यातून दुरुस्तीबद्दल दहा टक्के वजा करतात, उरते ते करयोग्य मूल्य. उदाहरणार्थ, महिना हजार रुपये भाडे धरले, तर वर्षाचे बारा हजार. बाराशे वजा जाता दहा हजार आठशे. या मूल्यावर ठरलेल्या दराने पट्टी बसते. मूल्याची यादी निदान चार वर्षांतून एकदा नव्याने करावी लागते. म्हणूनच काही वर्षे गप्प असलेली पट्टी एकाएकी उडी मारते.

नवी यादी प्रसिद्ध झाली म्हणजे हरकतीसाठी निदान तीस दिवसांची मुदत मिळते. पट्टी प्रथमच बसली वा वाढली, तर मालकास निराळी नोटीस द्यावी लागते. हरकत मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावयाची, कारणांसह. "पट्टी फार झाली, गरिबावर दया करा" एवढ्याने काम भागत नाही. क्षेत्रफळ चुकले काय, पत्र्याचे घर स्लॅबचे लिहिले काय, स्वतः राहतो तेथे भाडेकरू दाखविला काय, हे लिहावे. घराचा फोटो व जुनी पावती जोडावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नये.

आता मुख्य गोष्ट. बिल आल्यावर अपिलाची सोय आहे. पण ते बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करावे लागते, मागितलेली रक्कम आधी भरावी लागते, आणि ज्याने मुदतीत लेखी हरकत घेतली असेल त्याचेच अपील चालते. पहिल्या दारावर ज्याने थाप मारली नाही, त्याला दुसरे दार उघडत नाही. त्या भगिनीचे नेमके हेच झाले. शिवाय रुसून पट्टी थकविली, तर दरमहा दोन टक्के शास्ती चढते.

ऐकीव गोष्टींवरही विसंबू नये. मुंबईत २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांस माफी मिळाली, ती मुंबईपुरती. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांची चाळीस टक्के सवलत २०१९ साली गेली आणि लोकांनी ओरड केल्यावर २०२३ साली परत आली, ती पुण्यापुरती. उदगीरच्या माणसाने उदगीरची यादी पाहावी.

पट्टी भरूच नये, असे आम्ही म्हणत नाही. १९९९ साली जकात बंद झाल्यापासून नगरपरिषदांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार घरपट्टीच आहे. नळ, दिवा, गटार त्यातूनच. पण पैसा रयतेचा आहे, तो रास्त घ्यावा आणि रास्त खर्चावा. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला. तोच जाब विचारण्याचा हक्क आज प्रत्येक घरमालकास आहे.

म्हणून शिकलेल्या मुलामुलींस आमचे सांगणे आहे: आपल्या गल्लीतील जी म्हातारी माणसे कागद घेऊन कोणाकडे जावे म्हणून संकोचतात, त्यांच्या घरी तुम्हीच जा. नोटीस मोठ्याने वाचून दाखवा, आणि सर्वांआधी तिच्यावरील तारीख सांगा.